आधी मंडप, मग मुंबई

बारावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत आता एक नवीन भांडण होतं. पोरगं म्हणतं, मला नीट नको, सीईटी नको, मी पुण्याला जाऊन साउंड इंजिनिअरिंग नाहीतर म्युझिक प्रॉडक्शन करतो. बापाच्या डोळ्यांपुढं आधी फीचा आकडा येतो आणि मागोमाग वरातीत कर्कश डीजे वाजवणारा गावातला तो एकजण. काका मध्ये पडतात, 'एवढे पैसे कशाला घालायलास, मोबाईलवर सगळं फुकट हाय की.' गल्लीतला एखादा सभेत बोलणारा माणूस वेगळाच सूर लावतो. त्याच्या मते सरकारनं मराठवाड्यात स्टुडिओसकट एक मोठी अकादमी काढायला पाहिजे, हा आपला विकासाचा अनुशेष आहे. गेली काही वर्षं हा वाद मी चहाच्या टपऱ्यांवर आणि नाट्यगृहांच्या पायऱ्यांवर ऐकतोय. तिन्ही बाजू हिरीरीनं भांडतात, पण तयारी म्हणजे काहीतरी विकत घ्यायचं, यावर तिघांचंही न बोलता एकमत असतं. एकाला डिप्लोमा घ्यायचाय, दुसऱ्याला लॅपटॉप, तिसऱ्याला इमारत. हे काम माणूस शिकतो कसं, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या मुलामुलींना ध्वनीच्या कामावर पोट भरायचं आहे त्यांनी पहिली दोन-तीन वर्षं इथेच, मराठवाड्यात, कीर्तना-सभांच्या मंडपात आणि नाट्यगृहात चालू कामावर उमेदवारी करावी, म्हणजे हाताखाली काम करत शिकावं, आणि तेही पगार घेऊन. सोबत जवळच्या कॉलेजात साधी पदवी चालू ठेवावी, झेपत असेल तर भौतिकशास्त्राची. इथे जे शिकायला मिळतच नाही तेवढं शिकायला त्यानंतर बाहेर पडावं. सरकारला यात पैसा घालायचाच असेल तर भिंती बांधण्यापेक्षा या उमेदवारीवर घालावा. हे मत काहींना जुनाट वाटेल, काहींना तो गरिबांच्या पोरांना मंडपातच अडकवून ठेवण्याचा डाव वाटेल. त्या आक्षेपाकडे येतोच. आधी समोरच्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ, कारण त्यात बरंच खरं आहे.

संस्थेत शिकावं म्हणणाऱ्यांचं सगळ्यात भारी उदाहरण रसूल पूकुट्टी यांचं. केरळातल्या विळक्कुपारा नावाच्या खेड्यातला हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकला आणि २००९ साली ऑस्करपर्यंत पोचला. खेड्यातल्या पोरासाठी संस्था काय करू शकते याचा याहून मोठा पुरावा कोणता? चांगली यंत्रं, चांगली खोली, शेजारच्या वर्गात दिग्दर्शन आणि कॅमेरा शिकणारे सोबती, आणि रोज उठून फक्त ऐकण्याचंच काम. मला हे सगळं कबूल आहे. पण हे उदाहरण देणारे एक गोष्ट सांगायची राहून जातात. तिथला ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्यासाठी झगडणारे अख्ख्या देशातले. म्हणजे बारावी झालेल्या पोराला तिथे जायचं म्हटलं तरी मधे तीन वर्षं उरतातच. ती वर्षं त्यानं काय करायची? वसतिगृहाच्या खोलीत हेडफोन लावून दुसऱ्यांच्या बीट्सची नक्कल करायची, की रोज संध्याकाळी खऱ्या माणसांसमोर खऱ्या आवाजाशी झुंजायचं? पूकुट्टींचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही, ते त्याच्या पुढच्या टप्प्याचं आहे.

काही लाख घेऊन वर्षभरात शिकवणाऱ्या खासगी संस्थांच्या बाजूनेही एक मुद्दा असा आहे की ज्याला उत्तर नाही, आणि तो खोलीचा. दहा बाय दहाच्या खोलीत लॅपटॉपवर मिक्स करणाऱ्याला, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज जुळवणाऱ्याला, त्याची खोली रोज फसवत असते. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांच्या, आसपासचा खर्जातला आवाज अडकून फुगतो. खुर्ची भिंतीजवळ असेल तर ढोलाचा ठोका दणदणीत ऐकू येतो, पोरगं तो कमी करतं, आणि तेच गाणं गाडीत लावलं की ढोल गायब. वर पत्रा असेल तर विचारूच नका. भिंतीला गोधड्या टांगल्या की वरचा किणकिणाट बसतो, पण खालचा घुमारा तसाच राहतो. सहा मीटर लांबीची लहर दोन इंच गोधडीला कशाला जुमानेल? नीट बांधलेल्या खोलीत काही महिने बसल्याशिवाय कान जागेवर येत नाहीत. मंडपात हे शिकता येत नाही, मोबाईलवर तर नाहीच. त्यासाठी बाहेर जावं लागेल आणि पैसे मोजावे लागतील, हे बिनशर्त मान्य. माझा वाद फक्त क्रमाचा आहे. कोरा गेलेला मुलगा त्या महागड्या खोलीत पहिले तीन-चार महिने कोणती केबल कुठे लागते हेच शिकत असतो, आणि कान तयार व्हायची वेळ येते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं.

मंडपात शिकता येतं म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून बघू. बीड-परभणीकडच्या कुठल्याही गावातला अखंड हरिनाम सप्ताह घ्या. रात्रीचं कीर्तन. महाराज मधे उभे, मागे दोन ओळींत वीस-पंचवीस टाळकरी, एका बाजूला मृदंग, दुसऱ्या बाजूला पेटी. साउंडवाल्याकडे बारा चॅनलचा मिक्सर, पाच-सहा माईक, चार बॉक्स आणि लिंबाला बांधलेले दोन कर्णे. महाराज हळू आवाजात दृष्टांत सांगतात आणि पुढच्याच क्षणी अभंगाचं चरण टिपेला नेतात, त्याबरोबर मागचे सगळे टाळ उठतात. टाळ नेमके त्या पट्ट्यात कडाडतात जिथे 'स', 'श', 'च' ऐकू येतात, त्यामुळे महाराजांचे शब्द बुडतात. बायका बसल्यात त्या बाजूनं कोणीतरी ओरडतं, 'माउली, इकडं काहीच ऐकू येईना.' नवखा माणूस आवाज वाढवतो आणि बॉक्स शिट्टी मारतात. मुरलेला माणूस आधी टाळकऱ्यांपुढचे माईक बंद करतो, त्यांना माईकची गरजच नसते. उघडे माईक निम्मे झाले की शिट्टीच्या आधी आणखी तीन डेसिबल (हे आवाजाच्या जोराचं माप) मिळतात, हे सूत्र त्यानं कुठे वाचलेलं नसतं, पण हात बरोबर तिथेच जातो. मग तो बॉक्स दोन हात पुढे सरकवतो. मृदंगाच्या डाव्या पुडीवरची कणीक वाळून बोल चढलाय हे त्याला ऐकू येतं आणि तो मृदंगवाल्याला नुसत्या खुणेनं पाण्याचा तांब्या दाखवतो. तेवढ्यात लाईट जाते, जनरेटर धरतो आणि बॉक्समधून पन्नास हर्ट्झची घूं सुरू होते. अर्थिंगच्या सळईपाशी माती ओली आहे का ते बघायला तो अंधारात पळतो.

हे सगळं कीर्तन चालू असताना, पाचशे माणसांसमोर, एकदाही न थांबता. अशी परीक्षा कोणती संस्था घेते? स्टुडिओत चूक झाली तर टेक पुन्हा घेता येतो. मंडपात पुन्हा नसतं, म्हणून तिथे माणूस आधी ऐकायला शिकतो आणि मग बटणाला हात लावायला. आता यातली गोम बघा. मोठ्या सभेत स्टेजपासून साठ मीटरवर लावलेल्या बॉक्सला साधारण १७० मिलिसेकंदांचा डिले द्यावा लागतो, म्हणजे त्यातला आवाज तेवढा उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. २५ अंशाला तो सेकंदाला ३४६ मीटरच्या आसपास असतो, मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी ४२ अंशाला ३५६ च्या आसपास. दुपारी जुळवलेला डिले रात्री पाचेक मिलिसेकंदांनी सरकतो. मंडपातल्या माणसाला एवढंच कळतं की दुपारी बरोबर होतं, आता कायतरी बिघडलंय. का बिघडलं हे सांगणारं पुस्तक गावापासून फार लांब नाही, ते शेजारच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला लावलेलं आहे. मंडप आणि कॉलेज एकाच वेळी, असं मी म्हणतो ते यामुळे.

इथे सगळ्यात कडक आक्षेप येतो आणि तो घेणारे लोक धंदा ओळखून आहेत. ते म्हणतात, ज्याला तुम्ही गुरुकुल म्हणताय तिथे नव्वद टक्के वाईट सवयी शिकवल्या जातात. मीटर लाल झाला की माल चांगला, केबल कोपराभोवती पिळून गुंडाळायची, अर्थिंग म्हणजे रिकामा खर्च, आणि मिरवणुकीत डॉल्बीची भिंत उभी करून काचा हलल्या की काम झालं. आकडा सोडला तर मला हे नाकारता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मिरवणुकीत कोण पाळतं ते आपण दरवर्षी बघतो. कानाचं गणित तर याहून निर्दय आहे. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही सुरक्षिततेची कड मानतात, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डॉल्बीसमोर हंगामभर उभं राहणारं पोरगं ज्या हत्यारावर आयुष्य काढायचं तेच बोथट करून घेत असतं. म्हणून कोणत्याही साउंडवाल्याकडे जा असं मी म्हणत नाही. नाटक, कीर्तन, सभा आणि शाळेचं गॅदरिंग करणारा गाठा, नुसत्या वरातींवर जगणारा टाळा, आणि कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहू नका. बोळे घातलेल्या पोराला हसतील. हसू द्या.

पण आक्षेप घेणाऱ्यांना माझाही एक प्रश्न आहे. मंडपवाला चुकीचं शिकवतो, कबूल. त्याला बरोबर काय ते सांगायला आजवर गेलं कोण? ज्याला शास्त्र येतं तो मंडपात येत नाही, मंडपातल्याला शास्त्राच्या दारात कोणी उभं करत नाही, आणि मग दोघेही एकमेकांना अडाणी म्हणतात. ही फारकत या भूमीत नेहमीच होती असं नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबखात्याचा एक अधिकारी होता, शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. 'संगीतरत्नाकर' या त्याच्या ग्रंथाचा आजही आधार घेतला जातो. त्यात बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक टप्पे, नुसत्या सांगितलेल्या नाहीत. बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्या, एक स्थिर ठेवा, दुसरी पायरीपायरीनं उतरवत न्या आणि फरक कानानं पडताळा, असा प्रयोगच दिला आहे. त्याच ग्रंथात गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत. दात आवळून गाणारा, नाकात गाणारा, कावळ्यासारखा आवाज लावणारा, आणि गाताना सीत्कार काढणारा, त्याचं नाव 'सूत्कारी'. माईकसमोर 'स'चा फवारा उडवणारा गायक आजच्या रेकॉर्डिंगवाल्याच्याही डोक्याला ताप असतो आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत मिळतं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी देवगिरीत बसून एक हिशेबनीस तेच ऐकत होता आणि त्याची वर्गवारी करत होता. गाणारे, वाजवणारे आणि वाद्यं बांधणारे यांच्यात बसल्याशिवाय इतकं बारीक ऐकणं येतं का?

जवळचा दाखला हवा असेल तर विष्णुपंत दामले बघा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या चित्रपट कंपनीत काम करून तयार झालेला हा माणूस पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यात हात घालून बसला होता. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'च्या वेळी ध्वनीची बाजू त्यांनी सांभाळली. बोलपट आपल्याकडे नुकताच आला होता, तो शिकवणारं कोणी नव्हतं. पुढे प्रभात पुण्याला गेली आणि तिच्याच आवारात १९६० साली ती फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, जिचं उदाहरण वर दिलं. म्हणजे उमेदवारी आधी आली आणि संस्था त्या जमिनीवर नंतर उगवली. यावर कोणी म्हणेल, तेव्हा पर्याय नव्हता म्हणून ते तसं शिकले. ठीक, मग जिथे पर्याय होता तिथलं बघा. लंडनला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत शाळा सोडलेली पोरं आधी टेप लावायला, मग सहायक म्हणून, आणि शेवटी मुख्य मिक्सरवर बसत. जेफ एमरिक असाच चढत गेला आणि १९६६ साली विशीत बीटल्स या बँडचा मुख्य इंजिनिअर झाला. त्याच खोलीत निर्माता म्हणून बसलेले जॉर्ज मार्टिन मात्र संगीतशाळेत रीतसर शिकलेले होते. एकाचा हात मुरलेला, दुसऱ्याचं शास्त्र पक्कं. दोघांपैकी एक कमी असता तर ते काम झालं असतं का?

आता काकांकडे वळू. मोबाईलवर सगळं फुकट आहे, हे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. वीस वर्षांपूर्वी जे सॉफ्टवेअर मुंबईच्या स्टुडिओतच बघायला मिळे, त्याच्या तोडीचं रीपर आज साठ डॉलरच्या वैयक्तिक परवान्यात मिळतं, आणि पहिले साठ दिवस फुकट वापरता येतं. जालन्यातल्या पोरासाठी ही क्रांतीच आहे. या बाजूचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे 'अजय-अतुल कुठल्या कॉलेजात शिकले?' नाही शिकले, खरंय. पण इथे दोन वेगळे धंदे एकाच पोत्यात भरले जातात. चाल सुचणं वेगळं आणि ती ध्वनिमुद्रित करणं वेगळं. 'सैराट'च्या संगीतासाठी ते लॉस एंजेलिसला गेले तेव्हा समोर स्वरलिपी वाचून वाजवणारा कसलेला वाद्यवृंद होता आणि स्टुडिओच्या काचेपलीकडे, मिक्सरवर, वर्षानुवर्षं तेच काम केलेले इंजिनिअर होते. तुमच्या पोराला संगीतकार व्हायचंय की काचेपलीकडचा माणूस? बहुतेक घरांत हा प्रश्नच विचारलेला नसतो. चाल सुचायला शाळा लागत नसेलही, काचेपलीकडे बसणाऱ्याला मात्र चुकलं तिथल्या तिथे टोकणारा कोणीतरी लागतो, आणि व्हिडिओ कधी टोकत नाही.

एका बाबतीत मी लातूर पॅटर्नच्या बाजूचा आहे, कलावंत मंडळींना हे आवडणार नाही तरीही. कान तयार करणं ही प्रतिभेची नाही, घोटण्याची गोष्ट आहे. २५० हर्ट्झ फुगलेत की ४००, दोन आवाजांत एक डेसिबलचा फरक आहे की तीनचा, हे ओळखण्याचा सराव रोज सकाळी अर्धा तास, महिनोन्‌महिने, चुका मोजून करावा लागतो. बारावीला हजारो प्रश्न सोडवून घेणारी शिस्त आपल्या पोरांच्या अंगात आहेच. तिची टिंगल करत बसण्यापेक्षा ती इकडे वळवली तर कुठल्याही महानगरातल्या पोरांना आपली पोरं भारी पडतील.

अनुशेषवाल्यांशी माझं भांडण नाजूक आहे, कारण त्यांचं दुःख खरं आहे. दांडेकर समितीनं १९८४ साली अनुशेष मोजला तेव्हापासून तो शब्द आपल्या जिभेवर बसलाय आणि त्यामागे निजामाच्या काळापासूनचा इतिहास आहे. मुंबई-पुण्यात कामं ओळखीनं मिळतात, ओळखी तिथे राहून होतात, आणि तिथे राहणं आपल्या पोरांना परवडत नाही. हे सगळं मान्य करूनही विचारतो, इमारत आली की शिकवणारे येतात का? आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी नाट्यगृहं आहेत. तिथे नाटक लागलं की साउंड भाड्यानं बाहेरून आणावा लागतो, असं किती ठिकाणी होतं ते नाटकवाल्यांना विचारा. नव्या अकादमीचंही हेच होईल. फीत कापली जाईल, महागडा मिक्सर प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून राहील, आणि चावी ज्या साहेबांकडे त्यांची बदली झालेली असेल. त्यापेक्षा २०२४ साली राज्यानं उमेदवारांना सहा महिने, शिक्षणाप्रमाणे महिना सहा ते दहा हजार विद्यावेतन देणारी योजना आणली होती, तोच विचार इथे का लावू नये? प्रत्येक जिल्ह्याच्या नाट्यगृहात दोन आणि नोंदणी असलेल्या चांगल्या साउंडवाल्याकडे दोन उमेदवार ठेवा, त्यांना दीड वर्ष विद्यावेतन द्या, आणि आठवड्यातला एक दिवस पॉलिटेक्निकमध्ये वीज, अर्थिंग आणि ध्वनिशास्त्राचे तास घ्या. कोटीच्या इमारतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. त्यात फीत कापायला काही मिळत नाही, हीच काय ती अडचण.

आता तो राहिलेला आक्षेप. उमेदवारी हा शब्द ऐकला की काहींच्या अंगावर काटा येतो आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे हलगी, संबळ, सनई वाजवणाऱ्यांना कलावंत म्हणायच्या आधी जातीनं मोजलं गेलं, त्यांच्या शिकण्याला शिक्षण मानलंच नाही, आणि कामाची मजुरी बलुत्यात गेली. 'आधी दोन वर्षं फुकट राब, मग बघू' हे वाक्य आजही साउंडच्या गोडाऊनमध्ये ऐकायला मिळतं आणि ते ज्याला ऐकावं लागतं त्याचं आडनाव साधारण ठरलेलं असतं. म्हणून विद्यावेतन, कामाचे ठरलेले तास आणि शेवटी हातात पडणारं प्रमाणपत्र या तीन गोष्टी नसतील तर मी माझं म्हणणं मागे घेतो आणि पोरांना सरळ कर्ज काढून पुण्याला जा म्हणतो. मुलींच्या बाबतीत मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. रात्री दोनला मंडप उतरवून टेम्पोत बसून घरी येणं आजच्या मराठवाड्यात किती घरं मुलीला करू देतील? त्यांच्यासाठी वर्गखोली हे जास्त सुरक्षित आणि खुलं दार आहे, हा संस्थावाल्यांचा मुद्दा इथे माझ्यापेक्षा वरचढ ठरतो. दिवसाची कामं वाढतायत एवढंच सांगू शकतो. स्टोरीटेल हे ॲप २०१७ साली मराठीत आल्यापासून बोलत्या पुस्तकांचं काम उभं राहिलं, पॉडकास्ट आहेत, आकाशवाणीची केंद्रं आहेत. अंबाजोगाईत शांत खोली आणि बरा माईक असेल तर यातलं काही तिथे बसूनही होतं.

इथे राहून शिकण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो कोणी मोजतच नाही. तुळजापूरच्या आराध्यांची गाणी, नांदेडला हुजूर साहिबमधलं रोजचं गुरबानी कीर्तन, खुलताबादच्या उरुसातली कव्वाली, माळेगावच्या यात्रेतली लावणी, पैठणचं भारूड, एवढे वेगवेगळे आवाज दिवसभराच्या एसटीच्या अंतरात मिळणारी जागा देशात कितीशी असेल? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि ते आज 'पारी' या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. ते ऐका. जात्याची घरघर, मागची पोरं, मधेच येणारं हसू, सगळं आहे त्यात, आणि तरी शब्द न्‌ शब्द लागतो. माईक किती हातांवर आणि कोणत्या बाजूला धरला असेल, याचा विचार करत तासभर ऐकणं हाच एक धडा आहे. या कामाला बाहेरून माणसं यावी लागली, आणि आपल्याच गल्लीतला प्रोड्युसर संबळ हवा असला की इंटरनेटवरून तयार सॅम्पल, म्हणजे आयता ध्वनिमुद्रित तुकडा, उतरवून घेतो. खरा संबळवाला दोन चौक पलीकडे राहतो. त्याच्याकडे माईक घेऊन जाणारं पोरगं उद्या मुंबईच्या स्टुडिओत गेलं, तर तिथे कोणाकडेच नाही असं काहीतरी त्याच्या हार्डडिस्कवर असेल. संबळवाल्याला पैसे देऊन आणि नाव लावून, हे वेगळं सांगायला नको.

पैशांवरून आठवलं. तिन्ही पक्षांच्या भांडणात कायद्याचा 'क' नसतो. आपल्याकडची पोरं पाच हजारांत गाणं करून देतात, कोऱ्या कागदावर सही करतात आणि गाणं चाललं की हळहळतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला की तो निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. तो गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते करून घ्यायला ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्या निर्मात्याचा, मिक्सरवर बसलेल्या इंजिनिअरचा नाही. म्हणजे आपण कोणत्या खुर्चीत बसलोय यावर आयुष्यभराची कमाई ठरते. अमुक कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारं साधन) चांगला की तमुक यावर रात्र-रात्र घालवणाऱ्यांनी एक दुपार या कायद्याला द्यावी.

एका ओळीच्या सूचनेवर गाणं करून देणाऱ्या यंत्रांबद्दल फार बोलत नाही. जाहिरातीची जिंगल आणि स्वस्तातलं मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात, ती खातील, खायला लागलीही आहेत. सप्ताहात लाईट गेल्यावर सळईपाशी माती ओली आहे का हे बघायला ती येणार नाहीत, आणि माजलगावच्या आजीसमोर माईक धरायलाही नाहीत. स्वस्त कोर्समध्ये जे शिकवतात नेमकं तेच काम आधी जातंय, एवढं मात्र फी भरणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

तरीही फी भरायचीच असं ठरलं असेल तर भरण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचारा. मागच्या तुकडीतले किती जण आज याच धंद्यावर जगतात आणि त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का? एका विद्यार्थ्याला वर्षभरात मिक्सरवर एकट्यानं किती तास मिळतात? शिकवणारे सध्या बाहेर काय काम करतात? समोरचा माणूस माहितीपुस्तक पुढे सरकवून विषय बदलायला लागला तर पाणी पिऊन परत या. मग हेच तीन प्रश्न आपल्या तालुक्याच्या साउंडवाल्याला विचारा. त्याच्याकडे माहितीपुस्तक नसेल. तास किती मिळतील याचं उत्तर तो बहुतेक असं देईल, 'उद्या सहाला ये, टेम्पो भरायचाय.' पगार किती, हे मात्र त्याच वेळी विचारून घ्या.